न उघडलेल्या पिशवीची साक्ष

‘गाडी कुठं आहे?’

कऱ्हाडच्या वकिलांनी आमचं सगळं ऐकून घेतल्यावर विचारलेला हा पहिला प्रश्न. मी आणि माझी धाकटी बहीण एकमेकांकडे पाहत राहिलो. आमच्या पिशवीत इस्पितळाची बिलं होती, पोलिसांचा पंचनामा होता, विमा कंपनीची पत्रं होती. गाडी नव्हती. अपघातानंतर एकोणिसाव्या दिवशी ती भंगारवाल्याच्या ट्रेलरवर चढून गेली होती आणि ती नेण्याच्या कागदावर सही माझी होती. दाजी तेव्हा अतिदक्षता विभागात होते, बहीण त्यांच्या उशाशी होती, आणि गॅरेजवाला रोज फोन करून जागेचं भाडं चढत असल्याची आठवण करून देत होता. मी सही करून मोकळा झालो.

अपघात जानेवारी 2021 मधला. ऊसतोडीचा हंगाम, पहाटेचं धुकं, आणि रस्त्याच्या कडेला दिवा-रिफ्लेक्टर काहीही नसलेली उसाची ट्रॉली. दाजींनी पट्टा लावला होता. गाडी सव्वादोन वर्षांची होती. घेताना विक्रेत्याने ‘दोन एअरबॅग आहेत, निश्चिंत राहा’ असं दोनदा सांगितलेलं मला आठवतं, कारण पेढे घेऊन मीच बरोबर गेलो होतो. त्या पहाटे दोन्हींपैकी एकही पिशवी उघडली नाही. जबडा आणि तीन बरगड्या मोडल्या आणि डावा डोळा कायमचा गेला. दाजींचा व्यवसाय मोटार वाइंडिंगचा. केसासारखी तांब्याची तार खाचेत बसवणाऱ्या माणसाला एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, म्हणजे काय होतं, ते मी गेली काही वर्षं पाहतो आहे.

मी वकील नाही. पोटासाठी मुद्रितशोधन करतो. कायद्याच्या पुस्तकांची मुद्रितं तपासता तपासता ते वाचण्याची सवय लागली, एवढीच माझी पात्रता. वकिलांच्या त्या प्रश्नानंतर मात्र मी या विषयाच्या मागे लागलो. जे हाती आलं ते इथे मांडतो. एअरबॅग उघडली नाही तर कायदा काय देतो, हा या लेखाचा विषय आहे. पण वाचताना हळूहळू असं ध्यानात आलं, की कायदा आज जखमी माणसाच्या बाजूला बराच सरकलेला आहे. चूक होते ती आपल्याच हातून, पहिल्या पंधरा-वीस दिवसांत.

टपालगाडीपासून मोटारीपर्यंत

बिघडलेल्या वाहनाने जायबंदी झालेल्या माणसाने कोणाकडे दाद मागायची, हा प्रश्न मोटारीहून जुना आहे. 1842 साली इंग्लंडमध्ये विंटरबॉटम नावाच्या टपालगाडीच्या सारथ्याचा खटला चालला. गाडी मोडून तो लंगडा झाला होता. गाडी नीट ठेवण्याचा करार राइट नावाच्या माणसाने टपालखात्याशी केला होता. न्यायालयाने सारथ्याला सांगितलं, की तुझा राइटशी करार नाही, त्यामुळे तुला दावाही नाही. असे दावे ऐकत बसलो तर त्यांना अंत राहणार नाही, ही भीती त्या निकालात उघड दिसते.

ही भिंत पडायला पाऊणशे वर्षं लागली. 1916 साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयात मॅकफर्सन विरुद्ध ब्यूक मोटर कंपनी हा खटला निघाला. धावत्या मोटारीच्या लाकडी चाकाचे आरे तुटले आणि मालक बाहेर फेकला गेला. कंपनीचं म्हणणं असं : मोटार आम्ही याला विकलेली नाही, दुकानदाराला विकली, आणि चाकही आमचं नाही, दुसऱ्या कारखान्याचं. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी दोन्ही मुद्दे बाजूला सारले. सदोष बनली तर जिवावर बेतेल अशी वस्तू जो बाजारात आणतो, त्याची जबाबदारी ती वापरणाऱ्यापर्यंत पोचते, असं त्यांनी ठरवलं. आज एअरबॅगचे सुटे भाग एक कारखाना बनवतो, गाडी दुसरा जुळवतो, विकतो तिसरा. तरी ग्राहकाला गाडीवर ज्याचं नाव आहे त्याला जाब विचारता येतो, त्याचं मूळ या लाकडी चाकात आहे.

दुसरा धागा पुराव्याचा. 1863 सालच्या बर्न विरुद्ध बोडल या खटल्यात लिव्हरपूलच्या रस्त्यावरून चाललेल्या एका माणसाच्या अंगावर दुकानाच्या वरच्या मजल्यावरून पिठाचं पिंप पडलं. ते कोणाच्या हलगर्जीपणामुळे पडलं, हे तो सांगू शकत नव्हता. न्यायालय म्हणालं, सांगायची गरजही नाही. पिंपं आपोआप खिडकीतून पडत नसतात. कसं पडलं, याचा खुलासा दुकानदाराने करावा. ‘वस्तू स्वतःच बोलते’ या अर्थाचं ‘रेस इप्सा लोक्विटर’ हे लॅटिन तत्त्व या खटल्यामुळे रूढ झालं. हे पिंप पुढे दिल्लीत कसं पोचलं, ते सांगतो.

क्रेटाचा निकाल

दिल्लीच्या एका ग्राहकाने ऑगस्ट 2015 मध्ये ह्युंदाई क्रेटा घेतली. 16 नोव्हेंबर 2017 रोजी दिल्ली-पानिपत महामार्गावर तिला मोठा अपघात झाला. पुढच्या एअरबॅग उघडल्या नाहीत. डोकं, छाती आणि दात यांना इजा झाली. दिल्ली राज्य आयोगाने त्यांना औषधोपचार व बुडालेल्या उत्पन्नापोटी 2 लाख, मनस्तापापोटी 50 हजार आणि खर्चापोटी 50 हजार रुपये देववले, शिवाय गाडी बदलून देण्याचा आदेश दिला. राष्ट्रीय आयोगाने तो कायम केला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती विनीत सरन आणि अनिरुद्ध बोस यांच्या पीठाने 20 एप्रिल 2022 रोजी अपील फेटाळलं.

कंपनीचा मुख्य बचाव असा, की समोरून ठरावीक जोराचा धक्का बसल्याशिवाय पिशवी उघडत नाही आणि इथे तसा धक्का बसला होता हे तज्ज्ञाकडून सिद्ध झालेलं नाही. न्यायालयाने याला दिलेलं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. ग्राहक हा पदार्थविज्ञानाचा तज्ज्ञ नव्हे. वेग आणि बल यांची गणितं मांडून मग तो गाडी विकत घेत नाही. समोरून धडक बसली तर पिशवी आपल्याला वाचवील, एवढीच त्याची समजूत असते आणि त्या समजुतीवर तो पैसे मोजतो. तेव्हा अशा प्रसंगी वस्तू स्वतःच बोलते, हे तत्त्व न्यायालयाने लागू केलं. लिव्हरपूलचं पिंप ते हेच.

याच निकालातल्या आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पिशवीतला दोष धडक होईपर्यंत कळूच शकत नाही, म्हणून तक्रारीची मुदत खरेदीपासून न मोजता अपघातापासून मोजायची. आणि सुरक्षिततेच्या साधनात अशी कसूर झाली तर भरपाईच्या पलीकडे जाऊन जरब बसेल असा दंडात्मक मोबदलाही लावता येतो.

2024 च्या जुलैमध्ये मर्सिडीझ कंपनीच्या एका खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने पिशवी न उघडल्याबद्दल 5 लाख आणि ती कोणत्या परिस्थितीत उघडते याची पुरी माहिती ग्राहकाला न दिल्याबद्दल आणखी 5 लाख रुपये, हा राष्ट्रीय आयोगाचा निर्णय कायम ठेवला. त्या गाडीची मालक एक कंपनी होती आणि ती संचालकाच्या वापरासाठी होती. तेवढ्यावरून ती खरेदी व्यापारी हेतूची ठरत नाही, असंही तिथे सांगितलं गेलं.

पिशवी न उघडणं म्हणजे दोषच असतो का?

इथे मला माझ्याच बाजूच्या विरुद्ध बोलायला हवं. पिशवी उघडली नाही म्हणजे ती बिघडलेलीच होती, असं नाही. गाडीतले संवेदक वेग किती झटक्यात कमी झाला ते मोजतात, नियंत्रक क्षणार्धात निर्णय घेतो, ठिणगी पडते, वायू तयार होतो आणि साधारण 30 ते 40 सहस्रांश सेकंदात पिशवी फुगते. पापणी मिटायला याहून जास्त वेळ लागतो. मागून बसलेल्या धडकेत, बाजूच्या धडकेत, गाडी नुसती कलंडली तर, किंवा वेग अगदी कमी असेल तर पुढच्या पिशव्या उघडू नयेत अशीच त्यांची रचना असते. कारण विनाकारण उघडलेली पिशवीसुद्धा इजा करते.

आणखी एक प्रकार आमच्या प्रकरणात येतो. उंच ट्रकच्या किंवा ट्रॉलीच्या मागच्या बाजूखाली गाडी घुसली, तर गाडीचा बंपर आणि चासीचा पुढचा भाग धडकतच नाही. बॉनेटच्या वरचा भाग आणि काच आधी आदळते. अशा वेळी वेग एकदम न तुटता टप्प्याटप्प्याने तुटतो आणि नियंत्रकाला तो ‘उघड’ म्हणण्याइतका वाटत नाही. दाजींची गाडी ट्रॉलीखाली कितपत घुसली होती? बंपर आधी लागला की काच? मोबाइलवर काढलेले चार फोटो आमच्याजवळ आहेत, तेही रात्री गॅरेजमध्ये काढलेले. त्यांवरून मला ते सांगता येत नाही. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगच्या नियंत्रकात बिघाडाच्या आणि धडकेच्या नोंदी राहतात. आमच्या गाडीत तशी नोंद असेल तर ती भंगारात गेली.

कंपनीला आम्ही पत्र लिहिलं. उत्तर आलं, की धडकेचा जोर आवश्यक मर्यादेपर्यंत पोचला नसावा. ते खरं असेल, खोटंही असेल. खोटं ठरवायला लागणारी वस्तू मी स्वतः सही करून घालवली होती.

आज कोणते मार्ग आहेत

एकाच अपघातातून दोन स्वतंत्र दावे निघतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. ज्याच्या चुकीने अपघात झाला त्या वाहनाचा चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्याविरुद्धचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. कायद्यात 2022 च्या एप्रिलपासून त्याला अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून त्यासाठी वकिलांकडे लगेच जावं. आमचा ट्रॉलीवाल्याविरुद्धचा दावा हा असा. अपघात कोणी केला हे तिथे ठरतं. अपघात झाल्यावर गाडीने माणसाला वाचवायला हवं होतं ते का वाचवलं नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची जागा ग्राहक आयोगात आहे. अपघात आपल्या स्वतःच्या चुकीने झाला असला, तरी दुसरा प्रश्न विचारता येतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 जुलै 2020 मध्ये लागू झाला. त्यातल्या सहाव्या प्रकरणात, कलम 82 ते 87 मध्ये, ‘उत्पादन दायित्व’ पहिल्यांदा नावानिशी आलं. कलम 84 प्रमाणे उत्पादक पाच कारणांनी जबाबदार ठरतो : बनवण्यात दोष, आराखड्यात दोष, ठरलेल्या मापदंडांपासून फारकत, दिलेल्या स्पष्ट हमीप्रमाणे वस्तू नसणं, आणि वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारे न देणं. स्पष्ट हमी दिली असेल, तर ती देताना आपण निष्काळजी नव्हतो हे सिद्ध करूनही उत्पादक सुटत नाही. म्हणून ‘दोन एअरबॅग, संपूर्ण सुरक्षा’ असं छापलेलं माहितीपत्रक फेकू नये. दुरुस्ती करणाऱ्या केंद्राने कसूर केली असेल तर कलम 85, आणि विक्रेत्यासाठी 86.

तक्रार गाडीच्या मालकालाच करता येते असं नाही. मालकाच्या संमतीने ती वापरणाराही कायद्याने ग्राहक आहे, आणि ग्राहकाचा मृत्यू झाला तर वारसांना तक्रार करता येते. व्यापारी हेतूची खरेदी वगळली आहे, पण स्वतः चालवून पोट भरणाऱ्या टॅक्सीवाल्याला त्यातून सवलत आहे. आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार दाखल होते. कंपनीच्या गावी जावं लागत नाही. गाडीसाठी मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, 2 कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. फी नाममात्र आहे : 5 लाखांपर्यंत काही नाही, 10 लाखांपर्यंत 200, 20 लाखांपर्यंत 400 आणि 50 लाखांपर्यंत 1000 रुपये. मुदत दोन वर्षांची. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नये. वकील देण्याची सक्ती नाही. ग्राहक साहाय्यासाठी 1915 हा क्रमांक आहे.

तपासणीशिवाय दोष कळणार नसेल, तर आयोग वस्तू योग्य त्या प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, असं कलम 38 म्हणतं. मागणी अर्ज देऊन करायची. अर्थात पाठवायला वस्तू हवी.

समोरच्या बाजूचे बचावही ठाऊक असावेत. वस्तूत फेरफार किंवा तिचा गैरवापर झाला असेल तर विक्रेत्याविरुद्धचा दावा टिकत नाही, असं कलम 87 सांगतं, आणि उत्पादकही तो मुद्दा काढल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडे हौसेने बसवलेला पुढचा लोखंडी गार्ड इथे आडवा येतो. तो धडकेचा जोर संवेदकांपर्यंत भलत्याच रीतीने पोचवतो. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना अशा गार्डांवर कारवाई करायला सांगितलं होतं. डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा महिनोन्‌महिने लागलेला ठेवणं, बाहेरच्या कारागिराकडून स्टिअरिंग उघडून घेणं, पट्टा न लावणं, हेही विचारलं जातं. पिशवी ही पट्ट्याला पूरक आहे, पट्ट्याच्या बदली नाही.

दोष पुष्कळ गाड्यांत एकाच वेळी असू शकतो. ताकाता या जपानी कंपनीच्या पिशव्यांत वायू निर्माण करणारं नळकांडं फुटून धातूचे तुकडे उडत. त्यापायी जगभर कोट्यवधी पिशव्या बदलाव्या लागल्या आणि 2017 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. आपल्या मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110-अ आलं असून सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकतं. आपल्या गाडीचा चासी क्रमांक कंपनीच्या परत बोलावण्याच्या यादीत आहे का, हे अपघाताआधीच पाहावं. अपघातानंतर तर पाहावंच.

पहिले पंधरा दिवस

आता जे मी केलं नाही ते.

जखमी माणसाची सोय लागल्यावर घरातल्या एकाने फक्त गाडीकडे लक्ष द्यावं. दिवसाच्या उजेडात चारी बाजूंनी, आतून, स्टिअरिंग आणि डॅशबोर्डवरच्या न उघडलेल्या झाकणांचे, पट्ट्यावरच्या ताणाच्या खुणांचे, जमिनीपासून मोडतोडीच्या उंचीचे फोटो काढावेत. घटनास्थळाच्या पंचनाम्यात ‘एअरबॅग उघडलेल्या नाहीत’ हे एक वाक्य लिहून घ्यावं. आमच्या पंचनाम्यात ते नाही. विमा कंपनीच्या सर्वेअरला तेच अहवालात नोंदवायला लेखी सांगावं. इस्पितळाच्या कागदांत इजा कशावर आदळून झाली ते यावं.

दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित मूल्याच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात आणि सांगाडा विकायला काढतात. इथेच सावध राहायचं. गॅरेज, विमा कंपनी, विक्रेता आणि उत्पादक या चौघांना एकाच दिवशी लेखी कळवावं, की एअरबॅगबद्दल तक्रार करायची आहे, गाडी हलवू, खोलू किंवा विकू नये. सांगाड्याची किंमत वजा करून उरलेला दावा घ्यायचा आणि गाडी आपल्याकडे ठेवायची, हा पर्याय विमा कंपनीकडे मागता येतो. चार पैसे कमी येतात, पण साक्षीदार राहतो. उत्पादकाला दोन्ही बाजूंसमोर तपासणी करून नियंत्रकातली नोंद काढण्याची लेखी मागणी करावी. एकट्या कंपनीच्या माणसाला गाडीला यंत्र जोडू देऊ नये. बिल, माहितीपत्रक, मालकाची पुस्तिका आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी एका फायलीत ठेवाव्यात.

आम्ही कंपनीविरुद्ध तक्रार केली नाही. एप्रिल 2022 मध्ये क्रेटाचा निकाल वाचला तेव्हा मुदतीचे आठ-नऊ महिने शिल्लक होते. वकील म्हणाले, दिल्लीचा ग्राहक लढला कारण गाडीची मोडतोड कशी झाली हे त्याला दाखवता आलं. तुमच्याकडे काय आहे? बहिणीचं म्हणणं, फोटोंवरसुद्धा लढायला हवं होतं. आयोगाने कंपनीला खुलासा मागितला असता, एवढं तरी झालं असतं. आता तो निकाल पुन्हा वाचताना मला तिचं म्हणणं अधिक पटतं. दाजी या वादात पडत नाहीत. एकदाच म्हणाले, ‘पैशाचं जाऊ द्या हो. ती पिशवी बिघडली होती, का मीच ट्रॉलीखाली पार आत गेलो होतो, एवढं कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.’

ते आता कोणी सांगू शकणार नाही. यंदा दिवाळीला पुष्कळ घरांपुढे नवी गाडी उभी राहील, तिला हार घातला जाईल. पूजा झाली की त्या घरातल्या एकाने बिल, माहितीपत्रक आणि पुस्तिका एका पाकिटात घालून कपाटात ठेवावी, आणि पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहावं : अपघात झाला तर गाडी विकू नये.